पट्टा बांधण्याआधी आणि बांधल्यानंतर : पॉलिग्राफ घेताना काय बदलावं, काय बदलू नये

पॉलिग्राफच्या, म्हणजे लोक ज्याला खोटं पकडणारं यंत्र म्हणतात त्याच्या, खुर्चीसमोर मी सव्वीस वर्षं बसले. सुरुवातीला शाईच्या लेखण्या सरकत्या कागदावर रेघा ओढायच्या, निवृत्त झाले तेव्हा सगळं लॅपटॉपवर आलं होतं. न्यायसहायक प्रयोगशाळांमध्ये नव्याने लागलेली मुलंमुली अधूनमधून फोन करतात आणि मी माझ्या वरिष्ठांना विचारला होता तोच प्रश्न विचारतात : ठरलेल्या पद्धतीला किती चिकटून राहायचं आणि समोरचा माणूस बघून किती बदलायचं? फोनवर घाईत सांगून भागत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

माझा नियम एका ओळीचा आहे. दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधेपर्यंत जितकं मोकळं राहता येईल तितकं राहा. पट्टा बांधला की अहवालावर सही होईपर्यंत मनाने काहीही बदलू नका. आणि आधी असो की नंतर, जे बदललं ते लिहून ठेवा.

हा नियम का, ते आधी समजून घ्या. आपलं यंत्र खोटं मोजत नाही. छातीवरच्या आणि पोटावरच्या नळ्या श्वास मोजतात, बोटांवरच्या पट्ट्या घामामुळे बदलणारी विद्युतवाहकता मोजतात, दंडावरचा पट्टा रक्तदाब आणि नाडीची चढउतार टिपतो. खोटं बोलताना जे होतं तेच भीतीने होतं, लाजेने होतं, रागाने होतं. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००३ साली या विषयावर मोठा अहवाल काढला, त्यात हेच स्पष्ट म्हटलं आहे : शरीराची अशी एकही प्रतिक्रिया नाही की जी फक्त खोट्याची आहे. एखाद्या ठरावीक घटनेबद्दलची चाचणी नुसत्या नाणेफेकीपेक्षा बरीच बरी चालते, पण अचूकतेपासून ती बरीच दूर आहे, असंही त्यांनी नोंदवलं.

म्हणजे आपल्या हातात उरते ती फक्त तुलना. एका प्रश्नाला शरीर किती हललं आणि दुसऱ्याला किती, एवढंच. आता पहिला प्रश्न तुम्ही सौम्यपणे विचारला आणि दुसरा डोळे रोखून विचारला, तर चार्टवर, म्हणजे प्रश्नांच्या एका फेरीत निघालेल्या रेघांच्या आलेखावर, दिसणारा फरक त्या माणसाचा नाही, तुमचा आहे. काटेकोरपणा लागतो तो या एका कारणासाठी.

कागद, संमती आणि परत पाठवणं

केस आली की तपास अधिकाऱ्याचं मत आधी ऐकू नका. फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, फोटो मागून घ्या, स्वतः वाचा आणि मग बोला. "मॅडम, केलंय यानेच, तुमच्या मशीनवर तेवढं येऊ द्या," हे मी असंख्य वेळा ऐकलं. ते वाक्य एकदा कानात शिरलं की तुमच्या नकळत आवाजात उतरतं.

संमतीच्या बाबतीत सोय, सवलत, जवळचा रस्ता असं काहीही नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २००० साली मार्गदर्शक तत्त्वं दिली. सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात ती पाळायला सांगितली. सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या खंडपीठाचा तो निकाल नार्को, ब्रेन मॅपिंग आणि पॉलिग्राफ या तिन्हींना लागू आहे. संमती न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदलेली हवी, माणसाला वकील मिळालेला हवा, चाचणीचे शारीरिक, मानसिक आणि कायदेशीर परिणाम त्याला समजावलेले हवेत. इथे सांगितलेलं पोलिसांपुढच्या जबाबासारखं धरलं जाईल, न्यायदंडाधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब म्हणून नाही, हेही त्याला कळलेलं हवं. कागद नीट असला तरी मी खोलीत पुन्हा विचारायची, "तुम्हाला नको असेल तर आत्ताही नाही म्हणू शकता." दोघं-तिघं नाही म्हणाले. मी लिहून त्यांना परत पाठवलं.

झोप किती झाली, खाल्लंय का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, हे विचारा. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडीची चढउतार दाबून टाकतात. एकदा बावीस वर्षांच्या एका मुलाला कोठडीतून आणलं होतं. दोन रात्री त्याची चौकशी चालू होती, खुर्चीत बसल्या बसल्या मान खाली पडत होती. पोलीस चार तास जीपने आले होते, त्यांना परत जायचं नव्हतं, आणि ते मला पटत होतं. तरी मी चाचणी घेतली नाही. चार दिवसांनी त्याला झोपलेला, जेवलेला असा घेऊन आले, तेव्हा घेतली. काटेकोर पद्धत म्हणजे आलेल्या प्रत्येकाला यंत्र लावणं, असा गैरसमज करून घेऊ नका. चाचणी न घेण्याचा अधिकार तुमच्याकडे आहे आणि तो वापरायचा असतो.

आधीची बातचीत

पट्टा बांधण्याआधी तासभर तरी बोला. इथे माणसागणिक सगळं वेगळं असू द्या. गावाकडचा शेतकरी असेल तर पावसापासून सुरुवात करा, कॉलेजमधली मुलगी असेल तर तिला आधी प्रश्न विचारू द्या. कुणाला यंत्र हातात घेऊन बघायचं असतं, बघू द्या. मे महिन्यातल्या उन्हातून आलेल्या माणसाच्या हाताचा घाम वाळायला वेळ द्या आणि एसीने बोटं गार पडली असतील तर एसी कमी करा.

एवढ्या मोकळेपणातही माझ्या टेबलावर एक कागद असायचा. यंत्र काय मोजतं ते सांगितलं का, हलायचं नाही हे सांगितलं का, प्रत्येक प्रश्न शब्दन्‌शब्द वाचून दाखवला का, अशा खुणा त्यावर करायच्या. बातचीत कशीही वळली तरी त्या खुणा पूर्ण झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. त्यातली शेवटची सर्वांत महत्त्वाची : चाचणीत एकही अनपेक्षित प्रश्न येणार नाही, हे माणसाला खात्रीने माहीत असायला हवं. अचानक आलेल्या प्रश्नाला कुणाचंही शरीर दचकतं.

सरावाच्या चार्टसाठी त्याला एक आकडा कागदावर लिहायला सांगा, तुम्हीही बघा, आणि मग तुम्ही वाचाल त्या सगळ्या आकड्यांना "नाही" म्हणायला लावा. पूर्वी काही परीक्षक खुणा केलेले खेळायचे पत्ते वापरून "यंत्राने ओळखलं" असं भासवायचे. ते करू नका. खरं बोल म्हणून ज्याला सांगायचं, त्याला आपणच फसवून सुरुवात करायची, हे मला कधीच मान्य झालं नाही.

प्रश्नांची भाषा

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. माझी सर्वांत मोठी चूकही इथेच झाली.

एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेतून रोकड गेली होती. कॅशियर बाईंची चाचणी होती. मी मुख्य प्रश्न लिहिला, "ते पैसे तुम्ही घेतले का?" त्यांनी "नाही" म्हटलं आणि तिन्ही चार्टवर त्या प्रश्नाला जोरदार प्रतिक्रिया आली. मी गुण मांडले, निकाल त्यांच्या विरोधात जात होता. माझ्या वरिष्ठांनी चार्ट पाहिले, मग प्रश्नांचा कागद पाहिला आणि म्हणाले, "कॅशियर दिवसभर काय करते? पैसे घेते आणि पैसे देते. तू तिला तिच्या कामाबद्दल विचारलंस." त्या दिवशी ती रोकड मोजून त्या बाईंनीच ताब्यात घेतली होती. अहवाल अनिर्णित म्हणून गेला. पुढे तपासात पैसे दुसऱ्याच माणसाकडे निघाले. तो अहवाल माझ्या पहिल्या आकड्यांवर गेला असता तर त्या बाईंचं काय झालं असतं, हा विचार आजही मला अस्वस्थ करतो.

तेव्हापासून मुख्य प्रश्न कृतीवर लिहायचा. "कपाटातली रोकड तुम्ही संस्थेबाहेर नेलीत का?" असा. 'चोरी', 'खून', 'गुन्हा' हे शब्द टाळा, कारण ते निर्दोष माणसालाही टोचतात. एका प्रश्नात एकच गोष्ट विचारा. "तुम्हाला माहीत होतं का", "तुमच्या मनात होतं का" असं विचारू नका, कारण माहिती आणि इच्छा यांच्या कडा कुणालाच स्वतःच्या स्वतःला नीट दिसत नाहीत. "तुम्ही नेली नाहीत ना?" असं तर कधीच विचारू नका. त्याला "हो" म्हणजे नेली की नाही नेली, हे दोघांनाही कळत नाही.

शब्द माणसाच्या बोलीतला घ्या. नागपूरकडचा माणूस "हाव" म्हणेल, साताऱ्याकडचा "व्हय" म्हणेल, त्याला "हो" म्हणायला लावू नका. मान हलवणं मात्र चालणार नाही, आणि आपल्याकडे बरेच जण नकार देताना जीभ टाळ्याला लावून नुसतं "च्‌" करतात, तेही चालणार नाही. तोंडाने एक शब्द, तोही दर वेळी तोच. "अहो-जाहो" सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखं ठेवा. गप्पांमध्ये "तू" आणि प्रश्नात "तुम्ही" असं झालं की माणूस सावध होतो. हे सगळं आधीच्या बातचितीत ठरवून टाका. चार्ट सुरू झाल्यावर 'नेलीत'चं 'काढलीत' करायचं नाही, ते जास्त चांगलं वाटलं तरी नाही.

तुलनेचे प्रश्न हे या पद्धतीचं दुखणं आहे, आणि ते नव्या परीक्षकापासून लपवू नये असं मला वाटतं. अमेरिकी पॉलिग्राफ परीक्षक जॉन रीड यांनी १९४७ मध्ये ही कल्पना मांडली : मुख्य प्रश्नाशेजारी असा प्रश्न ठेवायचा की ज्याला "नाही" म्हणताना जवळपास प्रत्येक जण थोडं खोटं बोलतो. उदाहरणार्थ, "तुमच्यावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाला तुम्ही कधी फसवलंय का?" निर्दोष माणूस याला जास्त हलेल, दोषी माणूस मुख्य प्रश्नाला, असा हिशोब. पण त्याने "नाही" म्हणावं म्हणून परीक्षकाला त्याला हळूच तिकडे न्यावं लागतं. किती न्यायचं, हे ज्या त्या परीक्षकाच्या हातात. म्हणून एकाच माणसाची चाचणी दोन परीक्षकांनी घेतली तर त्या दोन वेगळ्या चाचण्या होऊ शकतात.

यावर माझा उपाय म्हणजे सांगून खोटं बोलायला लावलेले प्रश्न. "आयुष्यात तुमच्या हातून कधी एकही चूक झाली आहे का?" याला "नाही"च म्हणा, असं आधीच सांगायचं. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात डेव्हिड रॅस्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बरंच काम केलं. यावरही आक्षेप आहेत, कारण हुशार माणूस प्रश्नाचा हेतू ओळखू शकतो. तरी मी हेच निवडते, कारण ते प्रत्येकाला त्याच शब्दांत वाचता येतात आणि परीक्षकाच्या बोलण्याच्या कौशल्यावर काही अवलंबून राहत नाही.

जमत असेल तिथे माहितीची चाचणी घ्या

तुलनेच्या प्रश्नांच्या अडचणीतून बाहेर पडायचा चांगला रस्ता अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड लिकेन यांनी १९५९ मध्ये दाखवला. "तू केलंस का" असं विचारायचंच नाही. ज्याने केलं त्यालाच ठाऊक असेल असा तपशील घ्यायचा आणि तो चार-पाच सारख्या पर्यायांत मिसळून वाचायचा. जपानचे पोलीस मुख्यतः हीच पद्धत वापरतात.

एका प्रश्नात सहा पर्याय ठेवा. पहिल्याला कुणीही जास्त हलतं, म्हणून तो मोजू नका. उरलेल्या पाचांत खरा एक. निर्दोष माणसाची सर्वांत मोठी प्रतिक्रिया निव्वळ योगायोगाने खऱ्या पर्यायावर पडायची शक्यता पाचात एक. असे सहा स्वतंत्र प्रश्न असतील, तर सहाही वेळा योगायोग जुळण्याची शक्यता १५,६२५ मध्ये एक. हा हिशोब कुणालाही तपासता येतो, आणि म्हणूनच मला ही चाचणी प्रिय आहे.

मराठीत हे प्रश्न लिहिताना लिंग तुमचा घात करतं. "वापरला तो कोणता?" असं विचारलं की कोयता, सुरा, हातोडा उरतात आणि कुऱ्हाड, पहार आपोआप बाद होतात. "ती पिशवी कुठल्या रंगाची?" विचारलं की पिशवी होती हे तुम्हीच सांगून बसता. म्हणून पर्याय विभक्तीत घाला. "मारलं ते कशाने? दगडाने, कुऱ्हाडीने, सुऱ्याने, पहारीने, कोयत्याने, हातोड्याने." "रोकड कशात होती? डब्यात, पिशवीत, रुमालात, पाकिटात, पेटीत, बॅगेत." सगळे एका मापाचे, एका चालीचे. शिवाय एखादा शब्दच अंगावर येणारा नको. पुण्यात कोयता हा शब्द बातम्यांनी इतका गाजलेला आहे की तो ऐकून निर्दोष माणूसही हलेल. पर्याय लिहून झाले की केसची काहीच माहिती नसलेल्या दोन सहकाऱ्यांना वाचून दाखवा आणि खरा कोणता वाटतो ते विचारा. दोघांनीही तोच ओळखला तर प्रश्न फेकून द्या.

अडचण एकच, पण मोठी. तोपर्यंत तपशील फुटलेला असतो. चौकशीत पोलिसांनीच सांगितलेला असतो, रिमांडच्या अर्जात आलेला असतो, स्थानिक पेपरात छापून आलेला असतो. म्हणून तपास अधिकाऱ्याला केस हातात आल्या दिवशीच सांगून ठेवा की चार-पाच तपशील राखून ठेवा, संशयितापुढेही बोलू नका. ज्यांनी हे ऐकलं त्यांच्या केसमध्ये मला सर्वांत स्वच्छ चार्ट मिळाले.

चार्ट चालू असताना

आता मोकळेपणा संपला. माणसाने समोरच्या भिंतीकडे बघायचं, तुम्ही त्याच्या बाजूला किंवा मागे. प्रश्न वाचायचे, तोंडपाठ म्हणायचे नाहीत. दोन प्रश्नांच्या मध्ये किमान पंचवीस सेकंद, घड्याळ बघून. "बरं", "छान", घसा खाकरणं, काहीही नको. खोकला आला, पाय हलला तर चार्टवर खूण करा, रेघ स्थिर होऊ द्या, एक साधा प्रश्न टाका आणि पुढे जा. एक चार्ट झाला की पट्ट्यातली हवा सोडा, हाताला विश्रांती द्या, पाणी द्या. तीन चार्ट तरी हवेत. मधल्या वेळात "त्या एका प्रश्नाला काहीतरी होतंय हं" असं चुकूनही म्हणू नका. ते म्हटलंत की पुढचे चार्ट वाया गेले.

गुण आणि अहवाल

आमच्या क्षेत्रात दोन घराणी आहेत असं समजा. रीड यांच्या घराण्यात चार्टबरोबर माणसाचं वागणं, बसणं, नजर हेही निकालात धरायचे. क्लीव्ह बॅकस्टर या दुसऱ्या अमेरिकी परीक्षकांनी पुढे आकडे आणले : प्रत्येक तुलनेला उणे तीन ते अधिक तीन. मी दुसऱ्या घराण्यातली, पूर्णपणे. बेरीज अधिक सहा किंवा वर गेली तर निकाल त्या माणसाच्या बाजूने, उणे सहा किंवा खाली गेली तर विरोधात, मधलं सगळं अनिर्णित. उणे पाच आले आणि तुमचं मन म्हणतंय की यानेच केलंय, तरी अनिर्णितच.

ऑल्ड्रिच एम्स अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेत, सीआयएमध्ये बसून सोव्हिएत संघाला गुपितं विकत होता. तो १९८६ आणि १९९१ अशा दोन्ही चाचण्यांतून सुटला आणि १९९४ मध्ये पकडला गेला. यात विशेष जादू नाही, आत्मविश्वास ठेवायचा आणि परीक्षकाशी छान जमवून घ्यायचं, अशा अर्थाचं त्याने पुढे सांगितलं. ते वाचून मी आमच्याकडे एक सवय लावली. तासभर गप्पा मारलेल्या परीक्षकाने एकट्याने निकाल द्यायचा नाही. दुसऱ्या परीक्षकाकडे फक्त चार्ट आणि प्रश्नांचा कागद जातो, नाव, वय, केसचा क्रमांकही जात नाही. त्याने आपले गुण लिहून लिफाफा बंद केल्यावरच दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. जमले नाहीत तर अनिर्णित.

अहवालात "खोटं बोलतो" असं लिहू नका. "अमुक प्रश्नांना लक्षणीय शारीरिक प्रतिक्रिया आढळल्या," एवढंच तुम्हाला माहीत आहे. सेल्वी निकालानुसार चाचणीचा निकाल पुरावा म्हणून चालत नाही, संमतीने घेतली तरी चालत नाही. संमतीने घेतलेल्या चाचणीच्या मदतीने पुढे एखादी वस्तू वा माहिती सापडली तरच ती पुराव्यात येऊ शकते, पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम २७ खाली, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ खाली. तपास अधिकाऱ्याला हे वाचून दाखवा, कारण बऱ्याचदा तो वेगळीच अपेक्षा धरून बसलेला असतो.

शेवटचं पान बदलांच्या नोंदीचं. ते कोरं असेल तर मला संशय येतो. माझ्या नोंदी अशा असायच्या : "बातचीत ७० मिनिटं, बोली वऱ्हाडी, उत्तर 'हाव / नाही' ठरलं. प्रश्न ५ मधील 'घेतली' हा शब्द बातचितीत बदलून 'बाहेर नेली' केला, कारण संबंधित व्यक्ती रोकड हाताळणारी. चार्ट २, प्रश्न ७ नंतर खोकला, ४० सेकंद थांबले, साधा प्रश्न घातला. चार्ट ३ आधी पट्टा उजव्या दंडावर घेतला, डावा दुखत असल्याचं सांगितलं म्हणून."